अमोघवर्ष नृपतुंगाचे उतारवय



'वार्धक्यातील आनंद' या विषयावर बोला, असे मंडळाच्या चिटणीसांनी मला सुचवले तेव्हा त्यांच्या मनात काय होते ते मी ओळखले. होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, सदतीस वर्षे मैलूरला दवाखाना चालवतो आहे, स्वतःही सासष्टीत आहे. तेव्हा गुडघे, झोप, पथ्यपाणी यांविषयी चार उपयोगी गोष्टी सांगेल. त्या मी रोजच सांगतो. त्या ऐकून कोणी आनंदी झालेला मी पाहिलेला नाही. म्हणून आज माझ्या वाचनाच्या छंदातला एक माणूस तुमच्यापुढे आणतो. तो आपल्याच भागातला आहे. मैलूरहून सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणापर्यंत त्याच्या गावी पोचता येते. त्याने साठ वर्षांहून अधिक काळ राज्य केले, आणि उतारवयात तो कसा वागला याचे काही धागे दगडात, तांब्यात आणि ताडपत्रात आजही शिल्लक आहेत. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष पहिला. नृपतुंग हे त्याचे दुसरे नाव.

त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. कलबुर्गीहून सेडमच्या रस्त्याने चाळीसेक किलोमीटर गेले की कागिणा नदीच्या काठी हे गाव लागते. आजूबाजूला तुरीची शेते, शहाबादी फरशीचा दगड आणि सिमेंटचे कारखाने. गावात जुना किल्ला आहे, नेमिनाथांची बस्ती आहे. माध्व मंडळी टीकाचार्य जयतीर्थांच्या दर्शनाला येतात. त्यांच्या गाड्या थांबलेल्या दिसतात. अमोघवर्षासाठी फारसे कोणी येत नाही. एके काळी इथून दक्षिणेचा मोठा भाग आणि गुजरातपर्यंतचा मुलूख हलत होता, हे तिथे उभे राहून सांगितले तरी खरे वाटत नाही.

राष्ट्रकूट मराठी की कानडी, या वादात मी पडणार नाही. ते स्वतःला लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी म्हणवत. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक विद्वान मानतात. याच अमोघवर्षाच्या दरबारात 'कविराजमार्ग' हा कन्नडातला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्ह्यांची वाटणी झाली तेव्हा उदगीर, निलंगा तिकडे गेले आणि बिदर इकडे राहिले. माझ्या दवाखान्यात बाकावर बसलेली माणसे एकाच वाक्यात कानडी, मराठी आणि दखनी बोलतात. नवव्या शतकातल्या मान्यखेटात असेच काहीतरी कानावर पडत असावे, असे मला आपले वाटते.

या राजाच्या दीर्घायुष्याची कीर्ती पार अरबस्तानापर्यंत गेली होती. इ. स. ८५१ मध्ये लिहिलेला, सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा एक अरबी वृत्तांत आहे. त्यात जगातले चार मोठे राजे सांगितले आहेत: बगदादचा खलिफा, चीनचा बादशहा, रूमचा सम्राट आणि 'बल्हरा'. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांची पदवी. पुढे तो म्हणतो की बल्हरांच्या घराण्यातले राजे दीर्घायुषी असतात, पन्नास पन्नास वर्षे राज्य करतात. आणि त्यांच्या प्रजेचे म्हणणे असे की, आमच्या राजांना एवढे आयुष्य मिळते ते त्यांचे अरबांवर प्रेम आहे म्हणून. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला शोभेल असेच कारण लिहून ठेवले, यात नवल नाही. पण माणसाच्या आयुष्याची दोरी त्याच्या दुसऱ्यांवरच्या मायेशी बांधलेली असते, ही समजूत इकडच्या लोकांत होती एवढे त्यावरून कळते.

हे आयुष्य सुखाने सुरू झाले नव्हते. वडील गोविंद तिसरा उत्तरेच्या मोहिमेवरून परतताना श्रीभवन येथे मुक्कामाला होते, तिथे त्याचा जन्म झाला. तो साधारण इ. स. ८०० चा सुमार. ८१४ च्या सुमारास वडील गेले आणि पोरवयात हा गादीवर बसला. सामंतांनी, नातलगांनी उठाव केला आणि गादी हातची गेली. ती परत मिळवून दिली ती गुजरातेत लाटाच्या शाखेवर असलेल्या कर्क या चुलतभावाने. ८२१ च्या ताम्रपटापर्यंत ही गोष्ट झालेली दिसते. म्हणजे विशीच्या आत या मुलाने राज्य मिळवले, गमावले, आणि दुसऱ्याच्या उपकाराने परत मिळवले.

इथे मला एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या समाजातल्या पुस्तकांत अमोघवर्ष म्हणजे आरंभापासून संतच, असे चित्र असते. तसे ते नाही. ज्या कर्काने गादी परत दिली, त्याचाच मुलगा ध्रुव पुढे या राजाच्या सैन्याशी लढता लढता पडला. बागुम्र्याच्या ताम्रपटात ते नोंदलेले आहे. चूक कोणाची, हे आज ठरवता येणार नाही. पण तरुणपणीचे उपकार मधल्या वयात विसरले जातात, माणूस सत्तेत आणि हिशेबात गुंतला की असे होते, हे या राजालाही चुकले नाही. कृतज्ञता ही काही जन्मजात मिळणारी वस्तू नव्हे. या माणसाला ती उशिरा आली, असा माझा अंदाज आहे, आणि हा अंदाज मी एका दगडाच्या आधाराने करतो.

तो दगड नरगुंदजवळच्या कोन्नूर गावात आहे. त्यावरचा लेख मूळचा नव्हे, नंतरच्या काळात कोरलेली प्रत आहे. पण त्यात दिलेली तारीख पक्की आहे. शके ७८२, आश्विन पौर्णिमा, खग्रास चंद्रग्रहण, म्हणजे ३ ऑक्टोबर ८६०. राजा तेव्हा साठीच्या आसपास होता. त्याचा सेनापती बंकेश याने कोलनूर येथे एक जिनालय बांधले होते. त्या जिनालयासाठी देवेंद्र नावाच्या मुनींना राजाने तलेयूर हे गाव आणि इतर गावांतल्या काही जमिनी दिल्या. दानलेख त्या काळात शेकड्यांनी सापडतात. बहुतेकांत राजाच्या पूर्वजांची स्तुती असते, मग दान, मग दान मोडणाऱ्याला शाप. या लेखात मात्र राजा स्वतःच्या सेवकाची हकिगत सांगत बसला आहे. बंकेशाने गंगांच्या मुलखात कशी चढाई केली, कोणता किल्ला घेतला, कावेरी कशी ओलांडली. मग इकडे घरातच दगा झाला, राजाचा मुलगाही त्यात होता; राजाने निरोप धाडला आणि हातातली जिंकत आलेली मोहीम सोडून बंकेश मागे धावून आला. तो मुलगा कोण, याविषयी बरेच अभ्यासक पुढे गादीवर आलेल्या कृष्णाकडे बोट दाखवतात.

विचार करा. पोटच्या मुलाने उलटावे ही गोष्ट कोणता बाप चार लोकांत सांगतो? माझ्या दवाखान्यात म्हातारी माणसे पोटदुखी सांगायला येतात, आणि अर्ध्या तासाने मूळ दुखणे बाहेर येते ते सुनेचे किंवा मुलाचे. तेही आवाज खाली आणून. सम्राटाने मात्र ते दानपत्रात घातले, कारण ते घातल्याशिवाय बंकेशाचे उपकार पुरते सांगता आले नसते. स्वतःची नामुष्की झाकायची की दुसऱ्याचे ऋण मांडायचे, यांत त्याने ऋण निवडले. तरुणपणी कर्काच्या बाबतीत जे जमले नाही ते साठीत बंकेशाच्या बाबतीत जमले, असे मी यावरून समजतो. बंकेशाला त्याने बनवासीचा बारा हजारी प्रांत दिला आणि बंकापूर हे नगर त्याच्याच नावाने वसले. त्या नगराचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरा धागा संजाणच्या ताम्रपटाचा. शके ७९३, इ. स. ८७१. राजा सत्तरीचा. हा ताम्रपट देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी वाचून प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक अशी की राज्यावर काही अरिष्ट आले तेव्हा राजाने आपल्या डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला अर्पण केले. शिबी, दधीची आणि जीमूतवाहन यांच्या पंक्तीला त्याला बसवले आहे. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असे काही अभ्यासक मानतात. जिनसेनांच्या पायाशी बसणारा राजा महालक्ष्मीला बोट वाहतो, याचे आजच्या काळात कोणाला आश्चर्य वाटले तर वाटो. आमच्या घरात दशलक्षण पर्वाचे उपास आणि दारातले आपट्याच्या पानांचे सोने दोन्ही चालत आले आहे. बोट कापण्याचे कौतुक मला डॉक्टर म्हणून करवत नाही. पण त्या ताम्रपटातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. या राजाने आपले राज्य सोडले, आणि तेही एकदा नव्हे, अनेकदा, असे तिथे म्हटले आहे.

'प्रश्नोत्तररत्नमालिका' नावाची एक छोटी संस्कृत रचना आहे. प्रश्न आणि लगेच उत्तर, असे तिचे रूप. खरे विष कोणते, घाई कशाची करावी, दरिद्री कोणाला म्हणावे, अशा धर्तीचे प्रश्न. आपल्याकडे ती शंकराचार्यांच्या नावाने छापलेली मिळते, श्वेतांबर परंपरेत विमल नावाच्या आचार्यांच्या नावाने. दिगंबर परंपरेत तिच्या शेवटी, विवेकाने राज्य सोडलेल्या अमोघवर्षाने ही रचली, असे सांगणारा श्लोक येतो. आणि तिचे फार जुन्या काळी तिबेटी भाषेत भाषांतर झाले होते, त्यातही कर्ता म्हणून अमोघवर्षाचेच नाव आहे. हिमालयापलीकडच्या भिक्षूंना मान्यखेटच्या राजाचे नाव उगाच घालण्याचे काही कारण नव्हते. मी हा पुरावा बऱ्यापैकी भक्कम मानतो.

पण मग ८७१ च्या ताम्रपटाचे काय? राज्य सोडलेला राजा दानपत्र कसे काढतो? डॉ. अनंत सदाशिव अळतेकर आपल्या कोल्हापूर भागातले. राष्ट्रकूटांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३४ साली पुण्यात निघाला, आणि अजून त्याला तोड नाही. संजाणचा ताम्रपट आणि रत्नमालिका एकत्र वाचल्या की त्यांनी काढलेला अर्थ पटतो: हा राजा अधूनमधून कारभार युवराजावर आणि मंत्र्यांवर टाकून मुनींच्या सहवासात जाऊन राही, आणि परत येई. म्हणजे एका दिवशी मुकुट उतरवला आणि वनात निघून गेला, असे नाटकात शोभणारे काही झाले नाही. तो गेला, आला, परत गेला. मला हे वाचून फार बरे वाटले. का ते शेवटी सांगतो.

तो ज्यांच्याकडे जाई ते जिनसेन कोण? त्यांनी स्वतःविषयी फार गोड लिहून ठेवले आहे. लहानपणी कान टोचायच्याही आधी ते गुरूंकडे आले. कान टोचले ते ज्ञानाच्या सळईने. दिसायला आपण काही फार सुंदर नव्हतो, अंगाने किरकोळ होतो, असेही ते सांगतात. त्यांचे गुरू वीरसेन. वीरसेनांनी 'धवला' ही प्रचंड टीका पुरी केली आणि 'जयधवला' सुरू केली. तिचे वीस हजार श्लोकांएवढे लेखन झाले आणि ते गेले. राहिलेले चाळीस हजार जिनसेनांनी पुरे केले, शके ७५९ मध्ये. मग जिनसेनांनी स्वतःचे 'महापुराण' हाती घेतले. बेचाळीस पर्वे झाली, त्रेचाळिसाव्याचे तीन श्लोक झाले, आणि तेही गेले. ते पुरे केले त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी.

गुणभद्रांनी पुढचे लेखन सुरू करताना जे म्हटले आहे ते आपल्या ऊसवाल्या भागात सांगायलाच हवे. ऊस बुडाकडे गोड असतो आणि शेंड्याकडे बेचव, हे आपण सगळे जाणतो. ते म्हणतात, या ग्रंथाचा गोड भाग गुरूंनी लिहून झाला आहे. माझ्या वाट्याला शेंडा आला, तो जसा होईल तसा होवो. आणि माझ्या शब्दांत कुठे गोडी उतरली तर ती गुरूंची समजा. झाडाचा गुण म्हणून फळ गोड होते, त्यात फळाची काय फुशारकी? हे मी माझ्या शब्दांत सांगतो आहे. गुणभद्रांनीच नोंदवले आहे की जिनसेनांच्या पायांवर डोके ठेवले की अमोघवर्षाला, आज आपण पवित्र झालो, असे वाटे. 'आज' हा शब्द मला फार आवडतो. ज्या राजाच्या पदरी मुलाचे बंड होते, चुलतभावांशी झालेली युद्धे होती, वेंगीच्या चालुक्यांशी जन्मभराचे वैर होते, त्याला कुठेतरी एका दिवसापुरते का होईना, हलके वाटत होते.

ऋण मांडण्याची ही सवय त्या दरबारातच मुरली होती की काय कोण जाणे. 'कविराजमार्ग' हा ग्रंथ श्रीविजयाने नृपतुंगाच्या नावाने रचला, असे मानतात. त्यात आधीच्या कन्नड लेखकांची नावे घेतली आहेत: विमल, उदय, नागार्जुन, जयबंधू, दुर्विनीत आणि आणखी काही. यांपैकी बहुतेकांचे ग्रंथ आज हाती नाहीत. नावे उरली ती त्या ग्रंथाने आठवणीने घेतली म्हणून. गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' याच राजाच्या आश्रयाने लिहिला. आणि माझ्या धंद्यातले उग्रादित्याचार्य! त्यांचा 'कल्याणकारक' हा वैद्यकाचा ग्रंथ सोलापुरात १९४० साली वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींनी हिंदी भाषांतरासह छापला. मांस, मद्य आणि मध यांच्याशिवाय औषधे करता येतात, हे सांगणारा हा वैद्य नृपतुंगाच्या सभेत मांसाहाराविरुद्ध बोलला. त्यांची औषधे मी वापरत नाही, आमची पद्धत निराळी. पण हजार वर्षांपूर्वी शंभर किलोमीटरवर एक वैद्य राजासमोर उभा राहून वाद घालत होता, हे आठवले की गर्दीच्या दिवशी मला जरा बळ येते.

आता ज्यासाठी मी हे सगळे सांगत आलो त्या भागाकडे येतो.

जिनसेनांच्या 'आदिपुराणा'च्या अडतिसाव्या पर्वात गृहस्थाच्या आयुष्यातल्या त्रेपन्न क्रिया सांगितल्या आहेत, गर्भापासून निर्वाणापर्यंत. बहुतेक वाचक बारसे, मुंज, लग्न इथपर्यंत वाचतात आणि पुढची पाने उलटतात. त्या पुढच्या पानांत 'प्रशांति' आणि 'गृहत्याग' अशा दोन पायऱ्या आहेत. प्रशांति म्हणजे घर सोडायचे नाही. घराचा भार कर्त्या मुलावर टाकायचा, आपण स्वाध्याय करायचा, उपास करायचे, मन निववायचे. ती जमली की मग गृहत्याग. तोही गुपचूप नाही. नात्यागोत्यातल्या माणसांना बोलवायचे, त्यांच्यासमक्ष मोठ्या मुलाच्या हाती सगळे द्यायचे, आणि पैशाचे तीन वाटे सांगायचे. एक धर्मकार्याला, एक घरखर्चाला, एक भावंडांत वाटायला. आणि तिथे जिनसेन स्पष्ट सांगतात की मुलींनाही मुलांच्या बरोबरीने सारखा वाटा द्यायचा. नवव्या शतकात! आपल्या देशात कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क सर्वत्र मिळायला २००५ साल उजाडले.

हे पर्व माझे वडील दर चातुर्मासात वाचत. आम्ही सैतवाळ, घरात संध्याकाळी जेवण लवकर उरकून दिव्यापुढे स्वाध्याय होई. वडील मोठ्याने वाचत, आम्ही पोरे पेंगत ऐकत असू. वडिलांचे धान्याचे दुकान होते. तिजोरीची किल्ली त्यांच्या करदोड्याला असे. गृहत्यागाची पाने त्यांना जवळजवळ पाठ होती, आणि किल्ली त्यांनी शेवटपर्यंत कोणाला दिली नाही. थोरला भाऊ पन्नाशीला आला तरी गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायला वडिलांना हाक मारत असे. शेवटची तीन वर्षे त्यांचे हात कापत, नोटा दोनदा मोजाव्या लागत, कोणी मदतीला गेले की ते चिडत. त्यांच्याविषयी आदर बाळगूनच सांगतो, त्या तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिल्याचे आठवत नाही. किल्ली आम्ही सोडवली ती त्यांना आंघोळ घालताना, ते गेल्यावर. वाचलेले आचरता येत नाही म्हणून त्यांना हसणारा मी कोण? मला तर ते आता माझ्यातच दिसू लागले आहेत.

माझी मोठी मुलगी होमिओपॅथीच शिकली आहे. सहा वर्षांपासून ती माझ्याबरोबर दवाखान्यात बसते. तीन वर्षांपूर्वी माझी दृष्टी मंदावली, मोतीबिंदू काढला, तेव्हा मी जाहीर केले की येत्या दसऱ्यापासून दवाखाना तिचा. तो दसरा गेला, पुढचाही गेला. पेशंट समोर बसला की मी तिच्या आधी प्रश्न विचारतो. तिने औषध काढून ठेवले की मी डबी उचलून लेबल वाचतो. "अप्पा, तुम्ही बसा, मी बघते," असे ती म्हणते. मी बसतो आणि बसल्या जागेवरून बघतो. माझ्या हातून एका पेशंटच्या कागदावर दुसऱ्याचे औषध लिहिले गेले, तेही तिनेच वेळीच पाहिले. त्या रात्री मला झोप आली नाही. घरच्या मंडळी म्हणाल्या, "तुमच्या वडिलांची किल्ली तुमच्याकडे आली हो." त्या बोलल्या ते खरे होते.

गेल्या वर्षी आम्ही दोघे मळखेडला गेलो ते याच सुमारास. बस्तीत दर्शन घेतले, किल्ल्यावर थोडे चढलो. कागिणेला पाणी बेताचेच होते. तिथे उभे असताना राजाच्या त्या येण्याजाण्याची मला आठवण झाली. ज्याच्यापुढे सामंत वाकत होते त्यालाही सुटता सुटता अनेक खेपा घालाव्या लागल्या. एकदा सुटले नाही म्हणजे कायमचे हरलो, असे नव्हे. पुन्हा सोडता येते. पोथीतली पायरी एका उडीत चढायची, असा समज घेऊन वडील बसले असावेत, आणि उडी जमत नाही म्हणून पायरीखालीच थांबले असावेत. राजाने मात्र प्रशांतीची सवय हळूहळू लावून घेतली.

आणि दुसरी गोष्ट तिथेच लक्षात आली. ज्यांना सोडता आले त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते ते त्यांच्या नंतरच्या माणसांकडून. वीरसेनांचे अर्धे काम जिनसेनांनी सांगितले, जिनसेनांचे गुणभद्रांनी. गुणभद्रांच्या 'उत्तरपुराणा'च्या शेवटी त्यांचे शिष्य लोकसेन यांची प्रशस्ती आहे. तीत शके ८२० मध्ये या पुराणाची पूजा झाल्याचे सांगितले आहे, आणि ती झाली बंकापुरात. बंकापूर म्हणजे कोन्नूरच्या लेखातल्या त्या बंकेशाचे नगर. तिथे तेव्हा बंकेशाचा मुलगा लोकादित्य कारभार पाहत होता, आणि मान्यखेटच्या गादीवर कृष्ण होता. ज्याच्याविषयी बंडाचा संशय आहे तोच. बापाचे ऋण मुलगे फेडोत न फेडोत, ज्या ग्रंथावर म्हाताऱ्या राजाचा जीव होता त्याची पूजा त्याच दोघांच्या मुलांच्या राज्यात झाली. राजा तोवर वीसेक वर्षे झाली, गेला होता.

या ग्रंथांच्या मागे पुढेही हात लागतच राहिले. धवलेच्या ताडपत्र्या मूडबिद्रीत शतकानुशतके जपून ठेवल्या होत्या. त्यांचा पहिला छापील खंड १९३९ साली निघाला तो अमरावतीहून, तिथल्या कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैनांच्या संपादनाखाली. शेवटचा खंड निघेपर्यंत वीसेक वर्षे गेली. सोलापूरच्या जीवराज गौतमचंद दोशींनी आपली संपत्ती ग्रंथमालेला दिली, त्यातून कितीतरी जुने ग्रंथ छापले गेले. 'गणितसारसंग्रह' त्यांतलाच एक. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत सोलापूरची ती पुस्तके होती. वडिलांनी किल्ली दिली नाही, पण पुस्तके मात्र कधी कुलपात ठेवली नाहीत. कोणीही उचलावी, वाचावी. हे मला त्यांच्याविषयी फार उशिरा लक्षात आले, आणि ते आल्यापासून मी त्यांना रागाने आठवत नाही.

मळखेडहून आल्यावर मी दोन कामे केली. एक, ज्यांनी मला या धंद्यात उभे केले त्यांची यादी केली. कॉलेजातले एक सर, ज्यांनी फीसाठी पैसे दिले आणि परत घेतले नाहीत. मैलूरला पहिली खोली भाड्याने देणारी मुसलमान बाई, जिने सहा महिने भाडे मागितले नाही. आम्ही तिला खालाजान म्हणत असू. दवाखाना झाडणारा एक माणूस, ज्याने अठ्ठावीस वर्षांत एकदाही औषधाच्या शिशा हलवल्या नाहीत. यादी तेवीस नावांची झाली. त्यांतली नऊ माणसे हयात आहेत. त्यांच्याकडे मी एकेक करून जातो आहे, सहा झाली. काय बोलावे ते सुचत नाही, चहा पितो आणि येतो.

दुसरे, जिनसेनांनी सांगितले तसे तीन वाटे कागदावर लिहिले. पुण्याचा मुलगा आणि ही मुलगी, दोघांचे सारखे. नावे लिहिताना मुलीचे आधी लिहिले, ती मोठी आहे. कागद वकिलांकडे दिला आहे. दवाखान्याच्या पाटीवर आता तिचे नाव वर आहे आणि माझे खाली. सोमवार आणि गुरुवारी मी जात नाही. बाकीच्या दिवशी कुलूप अजून मीच उघडतो.